काळी म्हणून परत नेलेली शाई

मार्च लागला की आमच्या सोसायटीतली माणसं हळू बोलायला लागतात. एरवी तिसऱ्या मजल्यावरून खाली भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बायका जिन्यात कुजबुजतात. लिफ्टचं दार कुणी आपटलं की सगळ्या मजल्यांवरून डोकी बाहेर येतात. गच्चीवर पापड वाळत घालायला जावं, तर तिथे टाकीच्या सावलीत कुणाचं तरी पोरगं पुस्तक छातीशी धरून पुटपुटत येरझारा घालत असतं. आपण पापडांचं सूप उचलून मुकाट्यानं खाली यायचं. हवासुद्धा तशीच. सकाळी जरा बरी, दुपारी नुसता तवा. खाडीवरून वारा आला की चिखलाचा आणि मिठाचा एक वास जुईनगरभर पसरतो. नव्यानं राहायला आलेले नाक धरतात. मला मात्र तो वास आल्याशिवाय परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतच नाही.

काल जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी भेटली. बोटं शाईनं माखलेली. आता शाईचं पेन वापरतंय कोण? मी तिचा हात धरला आणि बघतच राहिले. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "आजी, दोनदा धुतले हो, जातच नाही." मी म्हटलं, "राहू दे गं बाई. काय सुंदर निळं आहे!" तिला वाटलं असेल, म्हातारी जरा हललेली दिसते. तिला काय ठाऊक, गेल्या वर्षी याच दिवसांत, असल्याच शाईपायी, मी वाशीच्या एका दुकानदाराला भर गिऱ्हाइकांत खोटारडा ठरवून आले होते.

तर ते सांगते.

आमची इरा, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, गेल्या वर्षी दहावीला होती. सराव परीक्षांमध्ये बॉलपेन दाबून दाबून तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडला. मी म्हटलं, शाईचं पेन घे, त्याला दाबावं लागत नाही, ते आपलं आपण चालतं, आपण फक्त सोबत जायचं. सूनबाई म्हणाल्या, "आई, आता परीक्षेच्या तोंडावर नवीन प्रयोग नकोत." पण इराला प्रयोग म्हटलं की अंगात येतं. आम्ही दोघी वाशीला गेलो. पेन तिनं निवडलं, शाई मी. गडद निळी.

गडदच का, तर त्याला कारण आहे. माझं माहेर उरणकडचं. शाळा सातवीपर्यंत, कारण गावात तेवढीच होती. वडील बाजारातून शाईच्या गोळ्या आणायचे. गोळी दौतीत टाकायची, वर पाणी ओतायचं आणि काडीनं ढवळायचं. भावंडं पुष्कळ आणि गोळी एक. शाई तळाला गेली की आई वरून आणखी पाणी घालायची, पाहुणे आले की आमटीत घालतात तसं. त्यामुळे महिन्याच्या शेवटी आमचं अक्षर इतकं फिकं व्हायचं, की गुरुजी वही उजेडाकडे धरून वाचायचे. कधीकधी तर उत्तर आहे असं गृहीत धरून मार्क द्यायचे. निब पुसायला फडकं कुठलं? केसांना पुसायचं. शाळा सुटताना वर्गातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या सकाळपेक्षा काळ्याभोर दिसायच्या. गुरुजी चुकांवर लाल रेघ मारत, पण खाली सही करत ती गडद निळ्या शाईत. ती शाई कागदावर टेकली की जणू घर बांधून राहायची. आमची शाई पाहुण्यासारखी. आली, गेली. तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की असली शाई घ्यायची.

मोठी झाले आणि शाळा सुटली. पुढचं वाचन मी माझं मी केलं. वाण्याच्या पुडीचा कागद, शेवेखाली आलेलं वर्तमानपत्र, शेजारणीकडचे दिवाळी अंक, मग लग्न होऊन इकडे आल्यावर वाचनालय. वाचतावाचता लिहायलाही लागले. मला कुणी शिकवलं नाही, म्हणून माझ्यावर कुणाचे उपकारही नाहीत. दागिने म्हणाल तर बेताचेच, पण वाचता येतं ही माझी एकटीची कमाई. आणि स्वतःच्या कमाईची माणसाला धास्ती असते, हेही खरं. ती हातची जाईल की काय, हे मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात सारखं असतं.

असो. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, आणि शाई बघायचा कार्यक्रम झाला. नवी शाई बघायला माणूस काय लिहितो, त्यावरून त्याचा स्वभाव ओळखावा. इरानं आधी गोल गोल भोवरे काढले, मग एका मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि लगेच खोडलं. भांडण चालू असणार. सूनबाईंनी "कोथिंबीर, दही" असं लिहून कागद फाडून पर्समध्ये टाकला. म्हणजे शाई बघून झाली आणि यादीही. आमच्या ह्यांनी सही केली. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी कुठलंही पेन हातात आलं की आधी सही, सहीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. घरात मंजूर करायला काही उरलेलं नाही, हे त्यांच्या हाताला अजून कुणी कळवलेलं नाही. आणि मी, शाळेत शिकवलं तसं, कागदाच्या मधोमध 'श्री' काढला.

'श्री' काळा.

"अगं बाई," मी म्हटलं, "ही तर काळी दिली त्यानं!"

इरा म्हणाली, "आजी, निळीच आहे."

"निळी कुठली? काजळ बरं."

हे चष्मा कपाळावर चढवून कागदाकडे झुकले, बाटलीचा खोका हातात घेऊन उलटसुलट केला, आणि न्यायाधीशासारखे म्हणाले, "निळी. स्वच्छ निळी."

"अहो, नीट बघा तरी."

"बघितलं. लग्न झाल्यापासून माझं एक मत तुला पटलेलं नाही, ते ठीक. पण आता रंगसुद्धा तुला विचारून ठरवायचे?"

वाद नुसता गमतीचा असता तर मी सोडून दिला असता. पण इराच्या शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, पेपर निळ्या शाईनंच लिहायचे, उगाच भानगड नको. पोरगी वर्षभर राबली, आणि आजीनं निवडलेल्या शाईपायी पेपर अडला तर? मला रात्रभर झोप नाही. सकाळी पोळ्या आटोपल्या, बाटली पिशवीत घातली आणि तडक वाशी गाठली.

दुकानात शाळेच्या सामानाची ही गर्दी. पट्ट्या, पाऊच, पॅड. काउंटरवर पेनं चालवून बघायला एक जाडसर वही दोरीनं बांधलेली होती, तिच्यावर गावातल्या सगळ्या माणसांच्या अर्ध्यामुर्ध्या सह्या आणि कुणाकुणाचे बदाम. मी बाटली त्या वहीवर ठेवली.

"काका, निळी मागितली होती. काळी दिलीत."

दुकानदार जाडजूड, हसतमुख. म्हणाला, "मावशी, निळीच आहे ना. बघा." त्यानं काडी बुडवून वहीवर रेघ ओढली.

"ही निळी?"

"मग?"

"तुमच्याकडे काळीला निळी म्हणत असतील, आमच्याकडे नाही."

मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "निळीच दिसतेय हो आजी." तिच्या शेजारचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, "एकदम डार्क ब्लू आहे, आंटी. टेन्शन नका घेऊ." मला वाटलं, हे सगळे एकमेकांना धरून आहेत. सणासुदीला एकाच्याच घरी जेवणारे असणार. मी वही दोरीसकट दाराशी ओढत नेली आणि उन्हात धरली. दोरी पुरेना, म्हणून दुकानदारही वहीबरोबर दाराशी आला. त्यानं रेघेवर पाण्याचा थेंब सोडला. "आता बघा, निळा पसरला की नाही?" मला तिथे शेवाळासारखं काहीतरी दिसलं. मी म्हटलं, "काळ्यात पाणी घातलं की असंच होतं. मला शिकवू नका, माझं बालपण त्यात गेलंय."

तो आत गेला, बराच वेळ खुडबुड केली आणि दुसरी बाटली घेऊन आला. "ही घ्या मावशी. ही पक्की निळी. स्पेशल." काडी बुडवली, रेघ ओढली.

मी बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. "हं! ह्याला म्हणतात निळी! बघा किती फरक आहे."

"आहे ना," तो म्हणाला. मागची बाई एकदम खोकायला लागली.

घरी येऊन मी बाटली इरासमोर ठेवली. तिनं खोका फिरवून बघितला आणि म्हणाली, "आजी, ही तीच आहे."

"तीच कशी असेल? बदलून आणली मी."

"तीच कंपनी, तेच नाव, तोच रंग. फक्त नवीन बाटली."

आमचे हे तेव्हा चहा पीत होते. त्यांना इतकं हसू आलं की चहा नाकातून आला. मला मात्र हसू येईना. मी पुन्हा 'श्री' काढला. काळा. दुकानात तो निळी म्हणाला म्हणून मला निळी दिसली होती. म्हणजे मी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, कानांनी बघितलं होतं. आणि मग गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवत गेलं. वाचताना मी खिडकीजवळ सरकत होते, छपाई हल्ली वाईट झाली म्हणून वर्तमानपत्रांना शिव्या देत होते, ट्यूबलाइट जुनी झाली म्हणून मुलाला बदलायला लावली होती. दोनदा.

संध्याकाळी म्हात्रेवहिनी आल्या. म्हात्रेवहिनी म्हणजे मूळच्या इथल्याच, गावठाणातल्या. पूर्वी शेती, आता स्वतःची चार मजली बिल्डिंग, कोपरापर्यंत बांगड्या आणि आवाज असा की फोनची गरज नाही. मी त्यांच्यापुढे कागद धरला. "वहिनी, खरं सांगा. काळी की निळी?"

"काली कनाची? निली हाय ती, चांगली निली." मग त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, चूल पेटली का बघावं तसं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि जाहीर केलं, "बाय, तुजा मोती पिकलाय."

"मोतीबिंदू?"

"मंग काय! माजा पन आसाच झालेला. मी सुनंला रोज बोलाची, भांडी नीट घासत नाय म्हनून. सगली भांडी मला पिवली दिसत. डोला केला न् बघतंय तं काय, भांडी कशी चकचकीत! आता सुनंला काय सांगाचा? गप बसले."

"अजून सांगितलं नाहीत?"

"येडी हाय का मी?"

डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, सूनबाईंच्या वयाच्या. मी त्यांना शाईची सगळी कथा सांगितली, दुकानदारासकट. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे काकू. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं ना, ते निळा रंग आत येऊच देत नाही. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. दोन्ही डोळे करावे लागतील. आधी उजवा."

पिवळ्या भिंगाचं ऐकून मला वाटलं, आयुष्यभर उन्हाळी कामं केली, पापड, कुरडया, लोणची, पण आपल्या डोळ्यातच लोणचं मुरत होतं, हे कधी कळलं नाही.

गंमत इथे संपली. लोकांना ऑपरेशनची भीती वाटते, मला त्यानंतरची वाटत होती. काही बिघडलं तर? वाचणं बंद झालं तर? घरातले म्हणाले, आम्ही वाचून दाखवू. हाच तर धोका होता. आमचे हे वाचून दाखवतात ते स्टेशनवरच्या घोषणेसारखं, सगळं एका सुरात, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून विचारतात, "कळलं?" एकदा मी तापानं पडले होते तेव्हा त्यांनी मला एक कथा वाचून दाखवली. नायिकेला सोडून नायक जातो, तिथे मी डोळे पुसले, तर हे म्हणाले, "कळलं? तो गेला." उरलेलं आयुष्य असं काढायचं? त्यापेक्षा काळा 'श्री' बरा.

म्हणून मी जाहीर केलं, इराची परीक्षा होऊ दे, मग बघू. फार मोठं मन दाखवल्यासारखं म्हटलं. सूनबाईंना खरंच वाटलं. पण इरा इतिहासाच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मग मी पण शाळेत कळवते की आजीचं ऑपरेशन होईपर्यंत मी पेपर देणार नाही."

"तुझं वेगळं."

"काय वेगळं? मला पण भीती वाटतेय. मला कुणी पुढची तारीख देतंय का?"

पोरीची नाकपुडी थरथरत होती. वरवर दिसत नव्हतं, पण तिलाही रात्री झोप येत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आमचा करार झाला. तिनं तिच्या हॉलमध्ये जायचं, मी माझ्या. रडायचं नाही. कॉपी करायची नाही.

आणि खरोखर तसंच जुळून आलं. विज्ञानाच्या पेपरच्याच दिवशी मला बोलावणं. सकाळी घरात दोन परीक्षार्थी. सूनबाईंनी दोघींच्या तळहातावर दही-साखर ठेवली. इराची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हॉल तिकीट. माझी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रिपोर्ट. तिनं देवाला नमस्कार केला, मी देवाला आणि तिच्या कंपासपेटीला. पेनात शाई भरली का, हे मी तिला इतक्यांदा विचारलं की ती म्हणाली, "आजी, आता तू विचारलंस ना तर मी हीच शाई पिईन."

ऑपरेशनची खोली म्हणजे थेट परीक्षेची खोली. थंडगार, सगळे गंभीर, पंख्याचा आवाज. नाव विचारलं, कागदाशी ताडून बघितलं, कुठला डोळा ते तीनदा विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांचं एकमत झालं ना?" डोळ्यात थेंब घातले, तोंडावर हिरवं कापड आलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, फक्त लाइटकडे बघायचं. आणि बोलायचं नाही, बोललात की डोळा हलतो."

दुखलं नाही हो, अजिबात नाही. पण न बोलणं! मला कितीतरी सुचत होतं. पाण्याखालून दिवाळीचे कंदील बघावेत तसं काहीबाही समोर तरंगत होतं, आणि ते सांगायला कुणी नाही. जन्मात इतका अवघड पेपर मी दिलेला नाही. बाहेर आल्यावर मी सिस्टरला विचारलं, "मी बोलले का?" ती म्हणाली, "नाही आजी, फक्त गुणगुणलात."

दुपारी इरा घरी आली, तेव्हा मी डोळ्यावर पांढरं झाकण लावून सोफ्यावर बसले होते. ती दारातूनच म्हणाली, "कसा गेला?" मी म्हटलं, "तुझा कसा गेला?" दोघी म्हणालो, "सोपा होता." आणि मग दोघीही एकमेकींकडे बघून करार मोडून रडलो. माझ्या डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून सूनबाई रुमाल घेऊन धावल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आता अशा वेळी माणसाला पहिल्यांदा काय दिसावं? देवाची तसबीर, नातीचा चेहरा, निदान खिडकीतलं आकाश. मला दिसली बादली. दवाखान्याची फरशी पुसायची, कोपऱ्यात ठेवलेली, प्लास्टिकची निळी बादली. पण काय निळी! जणू आत्ताच कुणी निळेपणा शोधून काढला होता आणि पहिला नमुना तिथे आणून ठेवला होता. मी तिच्याकडे नुसतं बोट दाखवत राहिले. बादली बघून गहिवरलेली बाई त्या दवाखान्यानं आधी पाहिली नसावी.

घरी येताना रिक्षातून मी वेड्यासारखी मोजदाद करत होते. मासळीवाल्यांच्या डोक्यावरची ताडपत्री निळी. इमारतींवरच्या पाण्याच्या पिंपांवर निळ्या रेघा. शाळेच्या मुलींच्या रिबिनी. पारसिकचा डोंगर, जो माझ्या हिशेबी कधीचा तपकिरी झाला होता, तो लांबून असा निळसर, जसा कुणी पाण्यात शाईचा एकच थेंब टाकावा. हे सगळं रोज इथेच होतं, आणि मी एका पिवळ्या काचेआडून त्याला नावं ठेवत होते.

घरी आल्यावर आधी टेबलाशी बसले. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं, म्हणून इरानं कागद माझ्यासमोर उभा धरला. 'श्री'. रेघ जिथून निघाली तिथे फिकी, जिथे वळली तिथे गडद, आणि जिथे मी पेन टेकवून क्षणभर थांबले होते, तिथे शाई साचून तिच्यावर तांबूस चकाकी आलेली. तिसऱ्यांच्या शिंपल्यात आतल्या बाजूला एक जांभळी-निळी झाक असते ना, मासळी खाणाऱ्यांना माहीत असेल, तशी ती शाई. लहानपणी मावशीकडे मोरा बंदराला जायचो, तेव्हा दिवेलागणीला जेट्टीवरून पाणी दिसायचं त्या रंगाची. गुरुजींच्या सहीची. इतक्या वर्षांनी ती शाई माझ्या घरात आली होती आणि मी तिला पिशवीत घालून काळी म्हणून परत द्यायला गेले होते.

मग मला वाटलं, आणखी काय काय चुकलं असेल? कपाट उघडलं आणि साड्या पलंगावर काढल्या. माझ्याकडे सारख्या दिसणाऱ्या दोन साड्या. एक काळी चंद्रकळा, संक्रांतीसाठी घेतलेली, कारण काळं नेसायचं ते त्या एका सणाला. दुसरी गडद निळी, कार्याची. त्या हिवाळ्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ऐटीत निळी नेसून तिळगूळ वाटले होते. ते एक वेळ ठीक. पण म्हात्रेवहिनींच्या नातवाच्या साखरपुड्याला मी आपली ठेवणीतली निळी म्हणून जी नेसून गेले होते, ती काळी! शुभकार्यात, सगळ्यांत पुढे, वरमायेच्या शेजारी! तेव्हा वहिनी धावत येऊन म्हणाल्या होत्या, "बस बाय, इकडं बस, पंख्याखाली." पंखा खांबामागे होता. मला केवढं कौतुक वाटलं होतं त्यांच्या अगत्याचं.

मी लगेच फोन लावला. "वहिनी, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलनार? मला वाटला, तुमच्यान चालत आसंल."

"आणि फोटो?"

"फोटोन तू नाय हायेस," म्हात्रेवहिनी शांतपणे म्हणाल्या. "खांब हाय."

इकडे घरात ह्यांची मिरवणूक चालूच होती. येईल त्याला सांगत, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, निळी आहे. डोळे असावेत तर असे." माझ्या डोळ्यात थेंब घालायचं कामही त्यांनी मोठ्या अधिकारानं घेतलं होतं. गजर लावत, हात धुवत, आणि थेंब माझ्या नाकावर घालत. मी म्हणायचे, "अहो, डोळा वर आहे." ते म्हणायचे, "तू हललीस."

तिसऱ्यांदा थेंब कपाळावर पडला, तेव्हा इराला शंका आली. पोरगी वकील होणार. तिनं एका कागदावर दोन रेघा ओढल्या, एक त्या शाईनं, एक काळ्या पेनानं, आणि कागद आजोबांपुढे ठेवला. "आजोबा, निळी कुठली?"

ह्यांनी चष्मा वर केला, खाली केला. कागद लांब धरला, जवळ धरला. टेबलावर इकडेतिकडे शोधायला लागले.

"काय शोधताय?"

"खोका कुठाय?"

"खोका कशाला?"

"खोका बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

मी हळूच विचारलं, "म्हणजे तेव्हा...?"

"तेव्हा खोक्यावर लिहिलं होतं ना, गडद निळी. मोठ्या अक्षरांत. मी वाचलं." आणि मग जरा चिडून म्हणाले, "छापलेलं खोटं असतं का?"

सगळ्यांना इतकं हसू लोटलं की खालच्या मजल्यावरच्या दहावीवाल्यांनी वर येऊन बेल वाजवली. पण हे काही हसले नाहीत. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची पण तारीख घेऊ या." तर म्हणाले, "मला काय वाचायचंय? मोठं दिसतंय तेवढं पुरे." आणि उठून गॅलरीत गेले. मी त्यांना ओळखते. इंजेक्शनच्या नावानं ह्यांना घाम फुटतो. मुलांच्या लसी टोचायच्या तेव्हासुद्धा हे दवाखान्याबाहेर फुटपाथवर उभे असत. मी चारदा सांगून बघितलं, दुखत नाही हो. सिस्टर किती चांगल्या आहेत ते सांगितलं. बादलीचं सांगितलं. ते म्हणाले, "बादलीसाठी डोळा कापून घ्यायचा?"

पुढचे काही दिवस मला एक खेळच मिळाला. उजवा डोळा नवा, डावा जुना. उजव्यानं बघितलं की भिंत पांढरी, थेट निळसर पांढरी. डाव्यानं बघितलं की तीच भिंत साईसारखी, कुणी वर चहा सांडल्यासारखी. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, मी आपली एक डोळा मिटायचे, एक उघडायचे. सूनबाईंच्या माहेरची माणसं आली होती, त्यांचा बराच गैरसमज झाला.

इराचा शेवटचा पेपर झाला. ती बोटं माखवून घरी आली, पेन टेबलावर आडवं टाकलं आणि तशीच झोपली, बुटांसकट. माझा मात्र दुसरा पेपर राहिलेला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या संध्याकाळी हे गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खाली मुलं परीक्षा संपल्याच्या आनंदात ओरडत होती, सोसायटीला पुन्हा कंठ फुटला होता. मी दारात उभी राहिले आणि मला काय वाटलं कोण जाणे, नवा डोळा मिटून घेतला. जुन्यातून बघितलं. सगळी गॅलरी हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. तुळस, वाळत घातलेले पंचे, हे. सगळ्यांच्या कडा मऊ. कपाळावरच्या आठ्या नाहीत, मानेवरचा डाग नाही. तेव्हा लक्षात आलं, गेली कित्येक वर्षं मी ह्यांना असंच बघत आले होते, आणि त्यानं माझं काही बिघडलं नव्हतं. चांगलं चाललं होतं आमचं, त्या पिवळ्या उजेडात.

"काय बघतेस?" हे म्हणाले.

"बघून घेतेय. उद्या हाही डोळा गेला की असे दिसणार नाही तुम्ही."

"मग कसा दिसणार?"

"खरे."

खालच्या मुलांचा चेंडू कुणाच्या तरी काचेवर आपटला, तिकडे ते बघत राहिले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "उद्या तिथे जातोयच, तर माझीपण तारीख विचारून ठेव."

"तुम्हाला तर काही वाचायचं नाहीये ना?"

"वाचायचं नाही गं. पण तू मला खरा बघणार आणि मी तुला पिवळी, हे काही बरोबर नाही."